ओट्यूलिन

ओट्यूलिन : युबिक्विटिन या प्रथिनाच्या रेषीय साखळ्या तोडणारे विकर. माणसाच्या पेशींत युबिक्विटिन सोडवणारी सुमारे १०० विकरे आहेत आणि त्यांतली बरीचशी अनेक प्रकारच्या साखळ्या तोडतात. ओट्यूलिन मात्र एकच प्रकार तोडते. ही निवड ते कशी करते, याचा उलगडा २०१३ मध्ये क्ष-किरण स्फटिकविज्ञानाने झाला.

युबिक्विटिन ७६ ॲमिनो आम्लांचे असते. एका रेणूच्या शेपटाकडील ७६ वे ग्लायसीन दुसऱ्या रेणूला आठ ठिकाणी जोडले जाऊ शकते : सात लायसिने आणि अगदी पहिले मेथिओनीन. लायसीन-४८ वरील साखळी लागलेले प्रथिन सहसा प्रोटिएसोमकडे विघटनासाठी जाते. लायसीन-६३ वरील आणि मेथिओनीन-१ वरील, म्हणजेच रेषीय, साखळ्या मुख्यतः संदेशवहनाच्या कामी येतात. ही दोन्ही स्थाने रेणूत एकमेकांजवळ असल्यामुळे त्यांच्या साखळ्याही सारख्याच ताणलेल्या, मोकळ्या दिसतात. सीवायएलडी हे विकर दोन्ही तोडते. नुसत्या बाह्य आकारावरून निवड होत असती, तर ओट्यूलिननेही दोन्ही तोडल्या असत्या.

स्फटिक मिळवताना साखळी तुटून चालणार नव्हते. म्हणून संशोधकांनी विकरातील १२९ व्या स्थानावरचे क्रियाशील सिस्टीन बदलून तेथे ॲलॅनीन घातले. दोन युबिक्विटिनांची अखंड साखळी विकरात बसलेली त्यामुळे पाहता आली. शेपूट बंधात गुंतलेले युबिक्विटिन एका बाजूच्या खाचेत आणि ज्याचे मेथिओनीन बंधात आहे ते दुसऱ्या बाजूला बसते. तोडायचा बंध या दोहोंच्या मधोमध, क्रियास्थळावर येतो.

खरे मर्म दुसऱ्या युबिक्विटिनमध्ये आहे. साखळी नसताना ओट्यूलिनमधील ॲस्पार्टिक आम्ल-३३६ हे हिस्टिडीन-३३९ ला चुकीच्या दिशेला धरून ठेवते आणि विकर निष्क्रिय राहते. रेषीय साखळी बसली की दुसऱ्या युबिक्विटिनचे ग्लुटामिक आम्ल-१६ क्रियास्थळात शिरते, त्या ॲस्पार्टिक आम्लाला बाजूला सारते आणि हिस्टिडीन, ॲस्परजीन व सिस्टीन हे त्रिकूट योग्य रचनेत येते. म्हणजे जे तोडायचे, तेच तोडणाऱ्याला कामाला लावते. इतर जोडण्यांत हे ग्लुटामिक आम्ल तेथे नेमके पोहोचत नाही. त्याच्या जागी ॲलॅनीन घातले, तेव्हा साखळी विकराला पूर्वीइतकीच चिकटली, पण तुटण्याचा वेग २०० हून अधिक पटींनी घटला. ओट्यूलिनची निवड केवळ बंधनाची नसून उत्प्रेरणाचीही आहे, याचा हा भक्कम पुरावा आहे.

इतर विकरांची पद्धत निराळी आहे. जस्ताच्या आधाराने काम करणाऱ्या एएमएसएच गटाची विकरे लायसीन-६३ च्या शेजारची ग्लुटामीन-६२ आणि ग्लुटामिक आम्ल-६४ ही आम्लेही पारखून घेतात. म्हणून एकाच विकराच्या अभ्यासावरून सर्वांसाठी नियम बांधणे धोक्याचे ठरते.

ओट्यूलिनच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या बाळांना वारंवार ताप, पुरळ, जुलाब आणि सांध्यांची सूज असा गंभीर दाहविकार होतो. त्याचे वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. रेषीय साखळ्या वेळेवर न तुटल्याने दाहाचे संदेश थांबत नाहीत. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरला अडवणाऱ्या औषधांनी अशा रुग्णांना आराम पडला आहे.