तळटीप : गेटिसबर्गची मुक्कामाची घरे

मूळ मजकुरातील ‘ऐतिहासिक निवास’ हे विशेषण पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला शब्दशः लागू पडते. अमेरिकी यादवी युद्धातल्या १ ते ३ जुलै १८६३च्या लढाईनंतर सुमारे २,४०० वस्तीच्या या गावात आणि भोवताली वीस हजारांच्या आसपास जखमी पडून होते. घरांचीच इस्पितळे झाली. फार्न्सवर्थ हाउसच्या विटांच्या भिंतीत गोळ्यांच्या शंभरावर खुणा आहेत, आणि हे घर न्याहारीसह मुक्कामाची जागा म्हणून नावाजले. मृत्यूच्या जागी पाहुणचार विकणे अशोभनीय, हा आक्षेप भुताखेतांच्या धंद्यापुरता मान्य. पण वापरातल्या घराचे गळके छप्पर वेळेवर दुरुस्त होते, बंद घराचे नाही. शिवाय रणांगणावरची स्मारके बहुतांशी सैनिकांची. कणीक मळताना गोळी लागून गेलेली वीस वर्षांची जेनी वेड घरांतूनच कळते. ती गोळी फार्न्सवर्थच्या माळ्यावरूनच सुटली, याला मात्र पुरावा नाही.