डास, पक्षी आणि माकडं: १९७५ चा एक अहवाल

मी दिल्लीत सरोजिनी नगरला राहतो. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना हे नाव फक्त स्वस्त कपड्यांच्या बाजारासाठी माहीत असतं. पण रिंग रोडच्या बाजूने थोडं चाललं की सफदरजंग हॉस्पिटल, समोर एम्स आणि तिथेच अन्सारी नगरात आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यक संशोधन परिषद. आजची गोष्ट या परिषदेच्या एका प्रकल्पाची आहे. तो १९७५ साली अर्ध्यावर बंद पडला आणि त्याच्यावरून दिल्लीपासून जिनिव्हापर्यंत भांडण झालं.

प्रकल्प होता डासांचा. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांनी मिळून दिल्लीत एक केंद्र उघडलं. पैसा अमेरिकेचा, पण रुपयांतला. पीएल ४८० खाली आपण जो गहू घेतला, त्याचे रुपये इथेच साठले होते. त्यातला हा पैसा. कल्पना साधी होती. डासाचा नर चावत नाही, चावते ती मादी. ती सहसा एकदाच मीलन करते. मग नर डास लाखोंनी वाढवायचे, त्यांना वंध्य करायचं आणि गावात सोडायचं. मादीचं मीलन अशा नराशी झालं की तिची अंडी वाया जातात. दिल्लीजवळच्या खेड्यांमध्ये हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासावर हे करून पाहिलं गेलं. पुढचा प्रयोग सोनीपतला व्हायचा होता, एडिस इजिप्ती या डासावर.

इथेच ठिणगी पडली. एडिस डेंगी पसरवतो हे आज शाळकरी मुलालाही माहीत आहे. पण तोच डास यलो फीवरही पसरवतो, आणि हा रोग भारतात कधीच आलेला नाही. आफ्रिकेतून येणाऱ्याकडे विमानतळावर लशीचं पिवळं कार्ड मागतात ते यासाठीच. डास आपल्याकडे आहे, रोगप्रतिकारशक्ती नसलेली माणसं आहेत, फक्त विषाणू नाही. १९७४ मध्ये पीटीआय या वृत्तसंस्थेने विचारलं की अमेरिकेच्या पैशातून नेमका हाच डास का अभ्यासला जातोय? एडिस कुठे, किती आणि किती लांब उडतो हा नकाशा उद्या कोणाच्या हातात जाईल?

हा नुसता वेडगळ संशय होता असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पन्नासच्या दशकात अमेरिकी लष्कराने स्वतःच्याच देशात, जॉर्जिया आणि फ्लोरिडा राज्यांत, रोगमुक्त एडिस डास सोडून ते किती पसरतात आणि माणसांना किती चावतात हे मोजलं होतं. निक्सन यांनी जैविक अस्त्रांचा त्याग जाहीर केला तो नोव्हेंबर १९६९ मध्ये. म्हणजे दिल्लीचं केंद्र उभं राहिलं त्याच वर्षी.

प्रकरण संसदेत गेलं. लोकलेखा समितीने एप्रिल १९७५ मध्ये आपला १६७ वा अहवाल मांडला. अध्यक्ष होते ज्योतिर्मय बसू. समितीने फक्त डास तपासले नाहीत, परदेशी मदतीवर चाललेले इतरही प्रकल्प उघडून पाहिले. त्यात एक नाव आलं आणि मुंबईकरांना धक्का बसला: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. सलीम अलींची संस्था.

त्याची सुरुवात मात्र जंगलात झाली होती. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात शिमोगा जिल्ह्यात माकडं पटापट मरू लागली आणि माणसंही तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची एनआयव्ही) विषाणू शोधला, त्याला नाव पडलं क्यासनूर. आपण त्याला माकडताप म्हणतो. अलीकडे सत्तरी आणि दोडामार्गच्या लोकांनी तो चांगलाच अनुभवलाय. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू सैबेरियातल्या एका विषाणूचा नातलग निघाला. मग साहजिक प्रश्न आला: तिकडून येणाऱ्या पक्ष्यांनी गोचिडी आणल्या का? सलीम अलींच्या सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कड्या घालायला, रक्ताचे नमुने आणि गोचिडी गोळा करायला सुरुवात केली. आधी पैसा जागतिक आरोग्य संघटनेचा होता. पुढे साठच्या दशकात त्यात अमेरिकी लष्कराच्या पैशावर चाललेली एक पाहणी आली. तिचा विषय होता स्थलांतर करणारे प्राणी आणि त्यांचे रोग.

आता विचार करा. कोणता पक्षी कुठून कुठे जातो, अंगावर काय घेऊन जातो, ही माहिती साथ रोखायला लागते. साथ पसरवायचीच असेल तर वेगळी माहिती लागत नाही, हीच लागते. माझ्या मते लोकलेखा समितीचं मोठेपण एवढ्यातच आहे की तिने शास्त्रज्ञांना ‘तुम्ही काय करता’ एवढंच विचारलं नाही, ‘हे कोणाकडे जातं’ हेही विचारलं. तिचे काही निष्कर्ष मला ताणलेले वाटतात. वंध्य नर सोडून कोणी यलो फीवर पसरवू शकत नाही, हे साधं जीवशास्त्र आहे. सलीम अलींवर हेरगिरीचा संशय घेणं तर अन्यायच होता. पण उत्तर द्यायची जबाबदारी ज्यांची होती ते आधी गप्प बसले आणि मग चिडले. ‘नेचर’ साप्ताहिकाने अग्रलेखाच्या शीर्षकातच दिल्ली आणि जिनिव्हा दोघींच्या नावाने उसासा टाकला. जून १९७५ मध्ये केंद्र बंद झालं. त्याच महिन्यात आणीबाणी आली आणि हा विषय मागे पडला.

या सगळ्या गदारोळात प्राण्यांबद्दल कोणी बोललं नाही. तो प्रश्न दोन वर्षांनी आला, माकडांच्या निमित्ताने. पोलिओची लस बनवताना विषाणू वाढवायला ऱ्हीसस माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागत, आणि जगाला ही माकडं पुरवत होतो आपण, उत्तर भारतातून. १९५५ साली लंडनच्या विमानतळावर जवळजवळ ४०० माकडं गुदमरून मेली तेव्हा भारताने निर्यात थांबवली. ती पुन्हा सुरू झाली एका अटीवर: माकडं फक्त वैद्यकीय संशोधन आणि लशींसाठी वापरायची. सत्तरच्या दशकात उघड झालं की अमेरिकी लष्कराच्या किरणोत्सर्ग संस्थेत ऱ्हीसस माकडांना न्यूट्रॉनचा मारा देऊन चाकात पळवलं जातं. मारा झालेला सैनिक किती वेळ लढू शकेल, हे त्यांना मोजायचं होतं. मोरारजी देसाईंच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात बंद केली.

तेच माकड, तसाच पिंजरा. एका खोलीत पोलिओची लस, दुसऱ्या खोलीत बाँबचा हिशोब. माकडाच्या वेदनेत काही फरक नव्हता. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १४ रोगाशी लढणाऱ्या आणि जीव वाचवणाऱ्या ज्ञानासाठी प्रयोगांना मुभा देतं. म्हणजे कायदाही उद्देशावर उभा आहे. पण उद्देश करारावर लिहिलेला असतो, आणि करार वाचायला मिळतो फार थोड्यांना.

त्या अर्धवट राहिलेल्या एडिसचं काय झालं? १९९६ मध्ये दिल्लीत डेंगीची साथ आली. १०,००० हून जास्त रुग्ण, ४०० हून जास्त मृत्यू. आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या खिडक्यांतले कूलर हे एडिसचं आवडतं घर. तेव्हापासून महापालिकेची माणसं कूलरमध्ये डोकावतात. सोनीपतचा प्रयोग झाला असता तर ही साथ टळली असती, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण केंद्र मोडलं तेव्हा त्यातल्या भारतीय शास्त्रज्ञांनी पाँडिचेरीला नवं केंद्र उभारलं, आणि २०२२ मध्ये तिथेच आयसीएमआरने वोल्बाकिया हा जिवाणू असलेले एडिस तयार झाल्याचं जाहीर केलं. या जिवाणूमुळे डासात डेंगीचा विषाणू नीट वाढत नाही. अंडी आली होती ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठातून. आणि या वेळी सोडायच्या आहेत माद्या, म्हणजे चावणाऱ्या. त्या कुठल्या गावात सोडायच्या, तिथल्या लोकांना कोण आणि कधी सांगणार, हे आधी ठरवावं लागेल.