लेखनासाठी एक, व्हिडिओसाठी दुसरा : जुन्या घरगुती संगणकाची निवड

१९८० च्या दशकात घरगुती वापरासाठी विकले गेलेले संगणक आज पुन्हा मागणीत आहेत. काहींना ते केवळ संग्रहासाठी हवे असतात. काहींना मात्र त्यांवर प्रत्यक्ष काम करायचे असते. अशा खरेदीदारांच्या अपेक्षा बहुधा दोन असतात. इंटरनेटचा व्यत्यय नसलेल्या यंत्रावर निवांत लेखन करता यावे, ही पहिली. आणि त्या काळच्या धाटणीची शीर्षके वा सचेतन चित्रे व्हिडिओवर उमटवता यावीत, ही दुसरी. दोन्ही अपेक्षा एकाच यंत्राकडून पुऱ्या करून घेण्याचा प्रयत्न झाला की निराशा पदरी येते. या दोन कामांना लागणारा पडदा परस्परविरोधी गुणांचा असतो, हे त्याचे मूळ कारण होय.

दोन कामांचे गणित

मजकुराचा भार संगणकावर फार थोडा पडतो. ६० अक्षरांच्या ४० ओळींचे एक इंग्रजी पान धरले, तर ते २,४०० बाइटमध्ये मावते. कमोडोर अमिगाच्या ८८० केबी क्षमतेच्या फ्लॉपीवर अशी सुमारे ३७५ पाने, म्हणजे एक चांगली कादंबरी, सहज राहते.

व्हिडिओचे गणित अगदी वेगळे आहे. ७२० बाय ५७६ बिंदूंचे एकच चित्र, प्रत्येक बिंदूला दोन बाइट या हिशेबाने, ८,२९,४४० बाइट व्यापते. जी फ्लॉपी कादंबरी सामावते, ती एका चित्राने जवळजवळ भरून जाते. सेकंदाला अशी २५ चित्रे लागतात. म्हणजे दर सेकंदाला दोन कोटींहून अधिक बाइट. त्यामुळे त्या काळच्या घरगुती संगणकावरील ‘व्हिडिओचे काम’ म्हणजे आजच्यासारखे चित्रफितींचे डिजिटल संपादन नव्हे. मूळ चित्र टेपवरच राहत असे. संगणक त्यावर नावे, आकृत्या आणि सचेतन चित्रे चढवीत असे. ही मर्यादा लक्षात घेतली तरच निवड योग्य होते.

पडद्याचा पेच

भारतात आणि बहुतेक युरोपात दूरचित्रवाणीसाठी ‘पाल’ पद्धत रूढ होती. तिच्यात ६२५ रेषांचे एक चित्र दोन हप्त्यांत रेखाटले जाते : आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. असे ५० हप्ते म्हणजे सेकंदाला २५ पूर्ण चित्रे होतात. चेहरे, झाडे, रस्ते अशा दृश्यांना ही युक्ती मानवते. अक्षरांच्या बारीक आडव्या रेषा मात्र सेकंदाला फक्त २५ वेळा उजळतात आणि पडदा लवलवतो. तासभर लेखन केले तरी डोळे शिणतात.

लेखकाला हवा असतो स्थिर, ठसठशीत अक्षरांचा आणि दूरचित्रवाणीपेक्षा जलद उजळणारा पडदा. व्हिडिओसाठी मात्र संगणकाचा संकेत दूरचित्रवाणीच्या संकेताशी पावलाला पाऊल जुळवणारा हवा. एका गरजेसाठी केलेली रचना दुसरीला मारक ठरते.

लेखनासाठी

१९८२ साली आलेले सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ हे अतिशय लोकप्रिय संगणक. परंतु पहिल्याच्या पडद्यावर एका ओळीत ३२ आणि दुसऱ्याच्या पडद्यावर ४० अक्षरे मावतात. सलग गद्यलेखनाला ती अपुरी पडतात. १९८१ चा बीबीसी मायक्रो भारतीयांच्या एका पिढीला परिचित आहे, कारण १९८४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून तो शाळांमध्ये पोहोचला. त्याचा कळफलक उत्तम आहे आणि ८० अक्षरांची ओळही मिळते. मात्र त्यासाठी ३२ केबी स्मृतीपैकी १६ ते २० केबी पडद्यावरच खर्च होते.

निव्वळ लेखनासाठी घडवलेले यंत्र म्हणजे अ‍ॅमस्ट्रॅड पीसीडब्ल्यू ८२५६. सप्टेंबर १९८५ मध्ये ते ब्रिटनमध्ये करांव्यतिरिक्त ३९९ पौंडांना विक्रीस आले. या किमतीत हिरव्या अक्षरांचा मॉनिटर, कळफलक, प्रिंटर आणि ‘लोकोस्क्रिप्ट’ हा वर्ड प्रोसेसर असे सर्वच मिळत असे. त्याच्या पडद्यावर ९० अक्षरांच्या ३२ ओळी दिसतात. त्या काळी रूढ असलेल्या ८० बाय २५ च्या मांडणीहून ही मोकळीक बरीच अधिक होती. ३ इंचांची फ्लॉपी हा त्याचा मोठा दोष. ती आज दुर्मीळ आहे, आणि इतर बहुतेक संगणकांना ती वाचता येत नाही.

अटारी एसटी मालिका १९८५ मध्ये आली. तिच्या एसएम१२४ या कृष्णधवल मॉनिटरवर ६४० बाय ४०० बिंदूंचे चित्र सेकंदाला सुमारे ७१ वेळा, तेही एकाच हप्त्यात उजळते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी, स्थिर अक्षरे कागदाचा भास देतात. जर्मनीत या यंत्रावर ‘सिग्नम’ आणि ‘कॅलेमस’ यांसारख्या अक्षरजुळणी व पानमांडणीच्या आज्ञावल्या घडल्या, त्या याच पडद्याच्या बळावर. पीसीवर ७२० केबी क्षमतेने तयार केलेली साडेतीन इंची फ्लॉपी एसटी वाचते. त्यामुळे लिहिलेला मजकूर बाहेर काढणे सोपे जाते. मॉनिटर नादुरुस्त झाला तरी योग्य जोडणी वापरून अनेक व्हीजीए मॉनिटर त्याच्या जागी चालतात.

व्हिडिओसाठी

या क्षेत्रात कमोडोर अमिगाला तोड नव्हती. जुलै १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये त्याचे अनावरण झाले, तेव्हा चित्रकार अँडी वॉरहॉल याने रंगमंचावर गायिका डेबी हॅरी हिचे चित्र त्या संगणकावर रंगवले. त्याच्या चित्रचिपा ४,०९६ रंगांतून काम करीत आणि खास पद्धतीने हे सारे रंग एकाच वेळी पडद्यावर आणता येत.

खरे सामर्थ्य मात्र रंगांत नसून वेळेच्या मोजमापात होते. अमिगाच्या अंतर्गत घड्याळाचा मेळ दूरचित्रवाणीच्या संकेताशी घातलेला होता आणि बाहेरून येणाऱ्या ठोक्यावर चालण्याची सोय मूळ रचनेतच होती. ‘जेनलॉक’ नावाचे उपकरण कॅमेरा किंवा टेपयंत्राचा संकेत घेऊन अमिगाला त्याच लयीत चालवते. मग संगणकाच्या चित्रातील पार्श्वभूमीचा रंग पारदर्शक होतो, त्यामागे मूळ दृश्य दिसते आणि अक्षरे त्यावर तरंगतात. चित्रांसाठी ‘डिलक्स पेंट’ व शीर्षकांसाठी नॉर्वेत घडलेली ‘स्काला’ या आज्ञावल्या विशेष वापरल्या गेल्या.

१९९० मध्ये अमेरिकेतील न्यूटेक कंपनीने अमिगा २००० साठी ‘व्हिडिओ टोस्टर’ हे कार्ड आणले. दृश्यबदल, शीर्षके आणि त्रिमितीय चित्रण एकाच यंत्रात देणाऱ्या या कार्डाने छोट्या स्टुडिओंचे अर्थकारण बदलले. ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेच्या १९९३ मधील आरंभीच्या चित्रपटातील अंतराळदृश्ये अमिगा व टोस्टर यांच्या साहाय्याने साकारली गेली. पण टोस्टर अमेरिकेच्या ५२५ रेषांच्या ‘एनटीएससी’ पद्धतीपुरताच होता. पाल पद्धतीच्या भारतीय चित्रफितींसाठी तो थेट उपयोगाचा नाही. अमेरिकेतील नातलगांकरवी जुना अमिगा मागवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अमेरिकी यंत्राचा वीजपुरवठा १२० व्होल्टचा असतो, हा आणखी एक अडथळा. ब्रिटन किंवा युरोपातून आलेले पाल यंत्र आपल्याकडे अधिक सोयीचे.

लेखनाचे वर्ड प्रोसेसर अमिगासाठीही होते. परंतु ६४० बाय ५१२ बिंदूंचा बारीक पडदा निवडला की वर सांगितलेली लवलव सुरू होते. ती टाळायची तर २५६ रेषांच्या ठोकळेबाज अक्षरांवर समाधान मानावे लागते. अमिगा ३००० मध्ये लवलव थांबवणारी सोय अंगभूत आहे. मात्र इतर बहुतेक प्रकारांत वेगळे साधन जोडावे लागते.

देवनागरीचा प्रश्न

वर वर्णिलेली सर्व यंत्रे रोमन लिपीसाठी घडली होती. एका चौकटीत एक अक्षर, ही त्यांची रीत. जोडाक्षरे, अक्षराच्या वरखाली लागणाऱ्या मात्रा आणि उच्चारात नंतर येऊनही लिहिताना आधी उमटणारी ह्रस्व वेलांटी यांना त्या चौकटीत जागा नव्हती. म्हणून अमिगावर मराठी शीर्षक चित्र म्हणून रंगवता येते, पण सलग मराठी लेखनासाठी तो योग्य नाही. संगणकावर मराठी लेखनाची वाट रुंदावली ती आयबीएम पद्धतीच्या पीसीवर. आयआयटी कानपूरमधील संशोधनातून उगम पावलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले ‘जिस्ट’ कार्ड पीसीत बसवले की डॉसवरील आज्ञावल्यांमध्ये भारतीय लिप्या लिहिता येत. जुन्या यंत्रावर मराठी लिहायचे असेल, तर शोध अशाच पीसीचा घ्यावा. त्यावरील मजकूर युनिकोडमध्ये नसल्याने तो आज वाचण्यासाठी रूपांतर करावे लागते, हे मात्र गृहीत धरावे.

खरेदीपूर्वीची तपासणी

बाह्य रूपावरून यंत्राची पारख होत नाही. अमिगा २०००, ३००० व ४००० यांतील घड्याळाची निकेल-कॅडमियम बॅटरी कालांतराने पाझरते आणि मुख्य पट्टीवरील तांब्याच्या रेषा खाते. म्हणून आतील छायाचित्र मागितल्यावाचून पैसे देऊ नयेत. अमिगा १२०० मध्ये कपॅसिटर पाझरतात. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातील कपॅसिटर जळून धूर येतो, तर कमोडोर ६४ चा मूळ अडॅप्टर बिघडल्यास वाढीव दाबाने स्मृतीच्या चिपा निकामी होतात. पीसीडब्ल्यूच्या फ्लॉपी ड्राइव्हमधील रबरी पट्टा सैल पडतो. तो बदलता येतो. जुना काचनळीचा मॉनिटर बंद केल्यावरही आत उच्च दाबाची वीज साठून राहते. तो घरी उघडणे जिवावर बेतू शकते.

मजकूर बाहेर काढण्याचा मार्ग आधीच ठरवून ठेवावा. अमिगाची ८८० केबी फ्लॉपी सामान्य पीसी वाचू शकत नाही. १९९२ च्या वर्कबेंच २.१ पासून मात्र अमिगाच डॉसच्या फ्लॉपी वाचू लागला. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी यूएसबी पेनड्राइव्ह वापरू देणारी उपकरणेही आता मिळतात, आणि झिजत चाललेल्या फ्लॉप्यांपेक्षा ती भरवशाची ठरतात.

सारांश, इंग्रजी लेखनासाठी कृष्णधवल मॉनिटरसह अटारी एसटी, शीर्षके व सचेतन चित्रांसाठी जेनलॉकसह पाल अमिगा, आणि मराठी लेखनासाठी जिस्ट कार्ड असलेला डॉसचा पीसी, अशी विभागणी करता येते. ज्यांना एकच यंत्र परवडते, त्यांनी आधी रोजचे काम कोणते हे ठरवावे आणि त्या कामाला साजेसा पडदा शोधावा. त्या पडद्यामागचा संगणक मग आपोआप निश्चित होतो.