आधी रात्र, मग सूर्य

एडविन लिंक यांनी 1929 साली तयार केलेल्या उड्डाण-प्रशिक्षण यंत्राला, म्हणजे आजच्या सिम्युलेटरच्या पूर्वजाला, आकाश नव्हतेच. झाकणाखाली बसून केवळ तबकड्यांच्या भरवशावर विमान चालवण्याचा सराव हाच त्याचा मुख्य उपयोग ठरला. दुसऱ्या महायुद्धात आकाश आले, पण रात्रीचे. विमानातील दिशादर्शकांसाठी लिंक यांच्याच कंपनीने सुमारे 45 फूट उंचीची, धान्याच्या कोठारासारखी इमारत तयार केली. तिच्या घुमटावर दिव्यांचे तारे होते, विमानाचे कल्पित स्थान व वेळ बदलेल तसे ते सरकत, आणि शिकाऊ दिशादर्शक सेक्स्टंटने, म्हणजे ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजणाऱ्या उपकरणाने, आपले ठिकाण काढत असे. संगणकांनीही हाच क्रम गिरवला: 1970 च्या दशकातील ‘नोव्होव्ह्यू’ यंत्रणा काळ्या पडद्यावर धावपट्टीचे दिवे तेवढे उमटवी, कारण अंधाराला फारसे गणित लागत नाही.

दिवसाला ते लागते. पुढे लॉर्ड रॅले झालेल्या जॉन स्ट्रट यांनी 1871 मध्येच दाखवले होते की अतिसूक्ष्म कणांमुळे होणारे प्रकाशाचे विकिरण, म्हणजे सर्व दिशांना विखुरणे, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून माथ्यावरचे आकाश निळे दिसते, आणि मावळतीला किरणांची हवेतील वाट लांबली की निळा प्रकाश वाटेतच गळून तांबडा उरतो. सूत्र हाती होते, परंतु पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यासाठी ते सेकंदाला अनेकदा सोडवणे घरगुती संगणकाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने 1982 च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधील आकाश सपाट रंगाचेच राहिले. प्रीथम, शर्ली आणि स्मिट्स यांनी 1999 मध्ये सुटसुटीत सूत्र दिले खरे, पण ते जमिनीवर उभ्या असलेल्या निरीक्षकासाठी होते. वैमानिकाला त्याचा उपयोग बेताचाच. खरी अडचण सोडवली ती 2008 मध्ये ब्रूनेटन आणि नेरे यांनी: उंची, नजरेची दिशा आणि सूर्याचे स्थान यांनुसार विकिरणाची कोष्टके आधीच करून ठेवायची आणि उड्डाणाच्या वेळी, दुकानदार रेडी रेकनर पाहतो तशी, त्यांतून उत्तरे उचलायची.

सूर्यबिंब मात्र हुकलेच. आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापणाऱ्या या बिंबाची दीप्ती दुपारी दर चौरस मीटरला शंभर कोटी कँडेलांहून अधिक असते, तर साध्या पडद्याची काही शेच. म्हणून चित्रकार त्याभोवती प्रभावळ काढून डोळ्याला फसवतो, आणि सिम्युलेटरमध्ये बसणाऱ्याला काळ्या चष्म्याची गरज अजून पडत नाही.