गावरान म्हणजे किती जुने?

अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी आम्ही काही शिक्षक गेलो होतो. चहाला थांबलो त्या घरामागे परस होता. मांडवावर दोडक्याचा वेल, खाली वांगी, मिरच्या, टमाटर. कडेने अंबाडी आणि कोपऱ्यात सीताफळाचे झाड. वांग्याच्या कोवळ्या रोपांभोवती बोराट्या रोवल्या होत्या, कारण कोंबड्या माती उकरताना रोपेही उपटतात. रोपे मोठी झाली की बोराट्या काढायच्या. मग त्याच कोंबड्या बुंध्याजवळचे किडे वेचतात. पिल्ले टोपल्याखाली होती, कारण मुंगसाची फेरी रोजची. “सारं गावरानच हाय गुरुजी, इकतचं काईच नाई,” घरच्या आजी म्हणाल्या.

परतताना आमच्यात वाद झाला. गावरान म्हणजे मूळचे इथलेच का? मग टमाटरही गावरान? वाद मिटवायचा तर पुरावा हवा.

एखादे पीक मूळचे कुठले, हे ठरवण्याची रीत स्विस शास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल यांनी आपल्या ग्रंथात १८८३ मध्ये मांडली. वनस्पतीचे रानटी भाऊबंद कुठे आहेत, उत्खननात काय सापडते, जुने लेखक काय लिहून गेले आणि निरनिराळ्या भाषांत तिची नावे कोणती, असे चार साक्षीदार त्यांनी तपासले. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी १९२६ मध्ये त्यात भर घातली: पिकाचे वाण जिथे सर्वांत विविध, तिथे त्याचे मूळ शोधावे. हा नियम प्रत्येक वेळी खरा ठरला नाही, पण शोधाला दिशा मिळाली.

हे साक्षीदार आता आजींच्या परसात बोलावू. वांग्याचा काटेरी रानटी भाऊ भारतात आजही उगवतो. दोडक्याचीही कडू, रानटी जात इथे आहे. म्हणजे हे दोघे याच देशाचे. शेजारच्या शेतातली तूरही इथलीच; तिचा रानटी पूर्वज बस्तर-ओडिशाच्या बाजूला सापडतो. रानात पावसाळ्यात मिळणारी कटुर्ली तर अजूनही बरीचशी रानटीच. तिचे नर वेल वेगळे आणि मादी वेल वेगळे असतात. फळ हवे तर दोन्ही जवळपास लागतात.

उत्खननाचा साक्षीदार अमरावती जिल्ह्यातच भेटतो. तुळजापूर गढी येथे १९८४-८५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ताम्रपाषाण काळातील वस्ती खणली. ती तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. तिथे धान्याचे जळालेले दाणे मिळाले. साधा दाणा मातीत कुजतो. पण जळून कोळसा झाला तर जिवाणू त्याला खाऊ शकत नाहीत आणि आकार टिकून राहतो. पालेभाजी मात्र अशी टिकत नाही. म्हणून धान्याचा इतिहास आपल्याला बराच माहीत असतो आणि भाजीचा थोडा.

आता पाहुण्यांकडे वळू. अंबाडीचे मूळ आफ्रिकेत आहे. जिच्या भाकरीबरोबर आपण ती खातो ती ज्वारीही आफ्रिकेचीच. तिच्या लागवडीचा पाच हजार वर्षांहून जुना पुरावा सुदानमध्ये मिळाला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मिरची आणि टमाटर तर अमेरिकेचे. १४९८ मध्ये पोर्तुगीज जहाजे भारतात आली, त्यानंतरच मिरची आली. त्याआधी तिखटपणा यायचा तो मिरी-पिंपळीतून, आणि मिरीवरूनच मिरचीला नाव मिळाले.

सीताफळाचे काय? नाव ऐकून वाटते, हे रामायणकाळचे असणार. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनाही भारहुतच्या शिल्पांत सीताफळ दिसल्यासारखे वाटले होते. परंतु त्याचे बहुतेक सारे रानटी भाऊबंद उष्ण कटिबंधातील अमेरिकेत आहेत. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ ते तिकडचेच मानतात. एकट्या नावावर किंवा एका शिल्पावर विसंबू नये, तो यासाठी.

अंगणातली गावरान कोंबडी तरी शुद्ध इथली? तिचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. आणि २०२० च्या डीएनए अभ्यासानुसार तो म्यानमार, उत्तर थायलंड व नैऋत्य चीन या पट्ट्यातला. पण तिच्या पायांचा पिवळा रंग पाहा. तो देणारे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आले, असे २००८ मध्ये सिद्ध झाले. हा करडा रानकोंबडा भारताचाच. मेळघाटात तो आजही आरवतो. हे जनुक कातडीतले पिवळे रंगद्रव्य मोडू देत नाही. रंगद्रव्य मात्र कोंबडीला स्वतः तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच मिळते. परसातला हिरवा पाला असा तिच्या पायांत उतरतो.

तेव्हा ‘गावरान’ म्हणजे ‘मूळचे’ नव्हे. मग काय? उत्तर वऱ्हाडच्या इतिहासात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. काळ्या जमिनीवर कपाशी पसरली आणि शेतात काय पेरायचे ते बाजार ठरवू लागला. परसात मात्र बायकांनी घरासाठीच पेरले आणि चांगल्या फळाचे बी दरवर्षी मागे ठेवले. इथले ऊन, इथला पाऊस, इथल्या किडी यांतून जे तगले, त्यातूनच निवड झाली. अशा शेकडो निवडींतून परदेशी मिरचीही गावरान झाली.

ही साखळी एका वर्षातही तुटू शकते. संकरित बियाण्याची पहिली पिढी एकसारखी येते. तिचे बी धरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. मेंडेलच्या वाटाण्याचा पाठ शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. म्हणून पाकीट दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि घरचे बी एकदा पेरायचे राहिले की संपते.

हे आम्ही अनुभवाने शिकलो. आजींनी आढ्याला टांगलेल्या वाळक्या दोडक्यातले थोडे बी आम्हाला दिले. आम्ही ते धुऊन, नीट न वाळवताच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले आणि शाळेच्या कपाटात ठेवले. मृगात पेरले, एकही उगवले नाही. बी जिवंत असते, ते ओलसर कोंडले तर मरते, हे विज्ञान शिकवणाऱ्या आम्हालाच सुचले नव्हते. खजील होऊन पुन्हा गेलो, तर आजींचा मांडव रानडुकरांनी आडवा केलेला. बी धरायला एकही फळ उरले नव्हते. आम्हाला वाटले, संपले. पण आजींनी तेच बी गावात तीन घरी दिले होते. त्यांतल्या एका घरून त्यांनाही ते परत मिळाले आणि आम्हालाही.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचे केंद्र आहे. तिथे वाण थंडाव्यात जपले जातात, आणि ते हवेच. पण जमिनीत पडणारे बी दरवर्षी बदलत्या पावसाशी जुळवून घेते, कपाटातले घेत नाही.

बाहेरून आलेले सारेच असे रुळते असेही नाही. शोभेसाठी आणलेली घाणेरी मेळघाटच्या जंगलात शिरली आणि खालचे गवत दाबू लागली. म्हणून झाड कुठून आले याबरोबर इथे येऊन ते काय करते, हेही विचारले पाहिजे.

या पावसाळ्यात मुलांना आपापल्या परसातल्या झाडांची यादी करू द्या: झाड मूळचे कुठले, बी कुठून आले, ते आणखी कोणाकडे आहे. एखाद्या संध्याकाळी त्यांना दोडक्याच्या वेलाजवळ उभे करा. त्याची पिवळी फुले दिवस मावळताना उमलतात आणि पतंग येतात. आमच्या शाळेच्या मांडवावर आता हा वेल आहे. त्याचे बी यंदा पाच घरी दिले आहे.