शुद्ध प्रतीची खूण



जन्मभर पोथ्यांचे पाठभेद पाहिलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या चिपविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु सुधारलेली प्रत कोणती आणि ती ओळखावी कशी, हा प्रश्न दोहींकडे एकच आहे.

१९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांच्या संगणकीकरणास वाट मिळाली. पुढे अनेक शाखांत युनिक्सवर चालणारा एक संगणक व त्यास तारांनी जोडलेली अनेक टर्मिनले, अशी मांडणी झाली. या तारा ज्यांत येत, ती सीरियल पोर्ट कार्डे. त्यांतून अक्षरे एकामागून एक जात-येत.

१९८१ च्या आयबीएम पीसीतील ८२५० या चिपमध्ये आलेले एकच अक्षर थांबू शके. सेकंदास ९६०० बिट हा वेग आणि अक्षरास १० बिट धरले, तर सेकंदात ९६० अक्षरे येतात. म्हणजे प्रत्येक अक्षर उचलण्यास संगणकाला जेमतेम एक सहस्रांश सेकंद मिळतो. तो दुसऱ्या कामात गुंतला, की न उचललेले अक्षर पुढच्या अक्षराखाली पुसले जाई. अनेकांची कामे एकदम चालविणाऱ्या युनिक्सला ही अडचण विशेष जाचक होती. १९८४ च्या पीसी-एटीतील १६४५० ही चिप अधिक वेगवान होती. साठवण मात्र तेवढीच. त्यानंतरच्या १६५५० मध्ये १६ अक्षरांचा बफर आला, पण पहिल्या आवृत्तीत नेमका तोच सदोष निघाला. दोष काढलेली चिप ती १६५५०ए.

चाळीस पायांची ही चिप बाहेरून पाहता तशीच. फरक नावाच्या शेवटच्या अक्षराचा. तरी चिपलाच विचारता येते. बफर चालू करून विचारल्यास सदोष चिप एक व शून्य असे दोन बिट देते, सुधारलेली चिप एक व एक. लिनक्सची प्रणाली हे उत्तर वाचते आणि सदोष चिपचा बफर वापरीत नाही.

हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न नव्हे. डिचोलीत खनिजाच्या ट्रकाचे वजन काट्यावरून अशाच तारेने संगणकात जात आहे, अशी कल्पना करा. १५,४२० किलोंतील एक अंक गळला, तर तोटा कोणाच्या तरी घामाचा होतो.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शुद्ध केल्याची नोंद शकासह ग्रंथाच्या अंती ठेवली. त्या नोंदीमुळेच पुढील अभ्यासकांस ही प्रत कोणती, ते कळले.

पेडणे-डिचोलीच्या शाळांतून बाहेर पडलेले आपण कोणी बँकेत असाल, कोणी यंत्रांपाशी, कोणी शिक्षक. शाळेच्या रजिस्टरात चूक सुधारताना जुने अक्षर खरवडू नये. आडवी रेघ मारून शेजारी सही करावी, हे आपण येथेच शिकलात. चूक सुधारणाऱ्याने पुढच्यासाठी खूणही ठेवावी, एवढीच माझी विनंती.