पाट, तालीम आणि फुटबॉल

कोल्हापूर म्हटलं की माणसं कुस्ती म्हणतात, तांबडा-पांढरा म्हणतात, गूळ म्हणतात. ते सगळं खरं आहे. पण दिवाळी सरली, ऊसतोडी सुरू झाल्या की या गावाला आणखी एक वारं शिवतं. दुपारी दोनच्या सुमाराला कट्ट्यावरची पोरं एकाएकी दिसेनाशी झाली, की समजायचं शाहू स्टेडियमवर मॅच आहे.

मी लिहितोय ते मंगळवार पेठेतल्या पाटाकडील तालीम मंडळाच्या संघाबद्दल. मी स्वतः पेठेतला नव्हे. माझं गाव पंचगंगेच्या पलीकडं, आणि सगळं आयुष्य ऊस आणि म्हशींत गेलं. तरी जवळपास पन्नास वर्षं झाली, तुमचा संघ कुठला म्हणून कुणी विचारलं तर तोंडातून पाटाकडीलच येतं. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी दुधाचं सांगायला पाहिजे.

1976 साली मी दहावीला होतो. घरात तीन म्हशी. सायकलीच्या दोन्ही अंगाला किटल्या अडकवून सकाळ-संध्याकाळ पेठेत रतीब घालायचं काम माझ्याकडं. मंगळवार पेठेत एक आक्का होत्या. त्यांच्याकडं दोन शेर दूध जायचं. एक दिवस दुपारच्या धारेचं दूध घेऊन लवकरच पोचलो, तर त्यांची दोन पोरं चपला घालून दारात उभी. आक्का म्हणाल्या, "किटली ठेव हितं आन् जा ह्यांच्यासंगं. तिकिटाचं मी बघतो." आमच्याकडं बाया अशाच बोलतात, करतो, बघतो. मी गेलो.

मला ऑफसाइड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पायऱ्यांवर माणूस माणसाला चिकटून बसलेला. कुणी भडंग खातोय, कुणी पंचाच्या आईबापाचा उद्धार करतोय. पाटाकडीलनं गोल केला तसं आक्कांच्या थोरल्यानं मला उचललं. मी कोण, कुठला, काही विचार नाही. त्या दिवसापासून मी पाटाकडीलचा. अंधार पडल्यावर घरी गेलो तर वडील दारात. "संध्याकाळची धार तुझ्या आज्यानं काढायची व्हय?" म्हणून दोन मुस्कटात बसल्या. त्याही लक्षात आहेत.

पुढं वाचत, म्हाताऱ्यांना विचारत गेलो तेव्हा या खेळाचं मूळ थोडं थोडं कळलं. राजर्षी शाहू महाराज 1894 साली गादीवर आले. त्यांनी कुस्तीला काय दिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. खासबाग मैदान 1912 चं. पेठापेठांतल्या तालमींना त्या काळात बळ आलं. तालीम म्हणजे नुसता तांबड्या मातीचा हौदा नव्हे. तिथं मारुती असतो, गणपती बसतो, कैक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. कुणाच्या घरी मयत झालं तर तिरडीला पहिला हात तालमीतल्या पोरांचा. पेठेचं घर म्हणजे तालीम.

फुटबॉल आला तो संस्थानच्या काळात. शाळा-कॉलेजातून आला, राजघराण्यानं त्याला हात दिला. पण तो टिकला तालमीमुळं. जोर-बैठका काढणाऱ्या पोरांनी चेंडू पायात घेतला आणि त्याच तालमीच्या नावानं संघ काढले. म्हणून आमच्याकडच्या संघांची नावं बघा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. कुठं शिवाजी तरुण मंडळ, कुठं संध्यामठ तरुण मंडळ. प्रॅक्टिस क्लबसारखं एखादंच नाव इंग्रजी. आखाड्याच्या नावानं फुटबॉल खेळणारं गाव दुसरीकडं कुठं मी तरी बघितलं नाही.

1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राज्य गेलं की राजाश्रय जातो आणि राजाश्रय गेला की खेळ सुकतो, असा जगाचा अनुभव. इथं तसं झालं नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमचं के.एस.ए., स्पर्धा घेत राहिलं, राजघराणं त्यात राहिलं, आणि खालची मुळी तर पेठेतच होती.

मुंबईत मफतलाल, टाटा, ऑर्के मिल असे कंपन्यांचे नावाजलेले संघ होते. महिंद्रा युनायटेड तर देशात गाजला, पण 2010 साली कंपनीनं तो बंद केला. गोव्यात फुटबॉल रक्तात आहे म्हणतात. तिथलेसुद्धा धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे मोठे संघ 2016 साली आय-लीगमधून बाहेर पडले. त्यात कुणाला दोष द्यायचा नाही, ज्याचा पैसा त्याचा हिशेब. पण तालीम बंद करायचा अधिकार कुणाला आहे? पेठ उठवल्याशिवाय ती बंद होत नाही.

खेळाचं वर्षही आमच्या शेतीच्या वर्षासारखंच. दिवाळीनंतर हंगाम धरतो आणि मिरगाचा पाऊस आला की मोडतो. आधी के.एस.ए.ची लीग, तिच्यात वरिष्ठ गटाचे 16 संघ. मग तालमी आपापल्या स्पर्धा भरवतात. एक मॅच दोनला, दुसरी चारला. बरोबरी झाली की टायब्रेकर, आणि तेव्हा छातीचं दुखणं असणाऱ्यानं उठून चहाला जावं हे बरं. खेळणारी पोरं आपल्यातलीच. कोण उद्यमनगरात लेथवर, कोण फौंड्रीत, कोण रिक्षावर. पहाटे सराव, मग काम, मॅचच्या दिवशी मालकाची बोलणी. याच मातीतला अनिकेत जाधव 2017 साली दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या रात्री आमच्या गावात टीव्हीपुढं बसून बायामाणसांनीसुद्धा फुटबॉल बघितला.

मधल्या काळात आफ्रिकेतले खेळाडू तालमींत आले. काहींना ते रुचलं नाही. पैसा वाढला, पेठेच्या पोराची जागा गेली म्हणायचे. त्यात तथ्य होतं. पण मी असंही बघितलंय, की नायजेरियाचा एक पोरगा पेठेतल्या घरी पांढरा रस्सा वरपतोय आणि घरची म्हातारी त्याला "अजून घे की रं" म्हणतेय. मीही तसाच बाहेरचा होतो. मला त्याच्यात मी दिसलो.

आता वाईटही सांगितलं पाहिजे, नाहीतर लिहिण्याला अर्थ नाही. काही वर्षांमागं एका मॅचला पायऱ्यांवर हुल्लड झाली. दगड आले, बाटल्या आल्या. माझा धाकटा मुलगा तिथं होता. त्याला कपाळावर चार टाके पडले. संघ कुठले होते ते मी लिहीत नाही, कारण दगड दोन्हीकडनं होते. माझी बहीण पलीकडच्या पेठेत दिलेली. तिच्या घरची पोरं समोरच्या बाजूला बसलेली. दवाखान्यात ती आली तर मी तिच्याशी धड बोललो नाही. घरी येऊन सांगितलं, आता या घरात फुटबॉलचं नाव काढायचं नाही. तीन हंगाम मी स्टेडियमची पायरी चढलो नाही. बहिणीकडंही गेलो नाही.

त्या काळात पाटाकडील या नावाचाच मी विचार करत बसायचो. पाटाकडील म्हणजे पाटाच्या कडेची. पेठेत मी तो पाट हुडकला, मला सापडला नाही. आता तिथं रस्ता, घरं, दुकानं. पण शेतकऱ्याला पाट समजावून सांगावा लागत नाही. पाटावर भांडणं होतातच. माझ्या लहानपणी पाण्याच्या पाळीवरनं वडलांनी आणि चुलत्यांनी एकमेकांवर खोरं उगारलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. दोन वर्षं बोलचाल बंद होती. पण पाटातला गाळ काढायचा दिवस आला की दोघंही यायचे. न बोलता शेजारी उभं राहून गाळ उपसायचे. कारण पाट तुंबला तर दोघांचाही ऊस वाळणार.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात छातीएवढं पाणी. आधी म्हशी सोडल्या, मग माणसं बाहेर काढली. आमची सोय शहरात एका शाळेत झाली. तिथं जेवण आणायला, आजाऱ्याला उचलायला, जनावरांना वैरण द्यायला पेठांतली पोरं राबत होती. अंगात तालमींचे टी-शर्ट. पाटाकडीलवाला पुढं, दुसऱ्या तालमीचा मागं, मध्ये माझी गाभण म्हैस चिखलातनं वर चढतेय. त्या मागच्याला मी ओळखलं. माझा भाचा होता. "मामा, दावं ढिलं सोडा, ती बुजलीया," म्हणाला. मी दावं ढिलं सोडलं. त्या रात्री बहिणीच्या घरी जेवलो. मागच्या गोष्टीवर कुणी काही बोललं नाही, मीही काढलं नाही.

पूर ओसरला म्हणून भांडणं संपली असं नाही. आजही कधी कधी खुन्नस होते, पोलीस मैदानात येतात, पोरांवर गुन्हे पडतात आणि नोकरीच्या वेळी ते आडवे येतात. हे थांबलं पाहिजे. पोरांना बाहेरचा कोण सांगून ऐकणार नाही. तालमीतल्या म्हाताऱ्यांनीच सांगितलं पाहिजे, की समोरचा संघ आहे म्हणून आपला संघ आहे. एकटा संघ कुणाशी खेळणार? पाळी दोघांची असते तेव्हाच पाटाला अर्थ असतो.

गेल्या हंगामात नातवाला घेऊन मॅचला गेलो. आक्का आता नाहीत, त्यांचा थोरला काठी टेकत येतो. त्यानं जागा धरून ठेवली होती. नातू म्हणाला, "आबा, आपण तर नदीपल्याडचे. मग आपण पाटाकडील कसे?" मी उत्तर द्यायच्या आधीच आक्कांचा थोरला म्हणाला, "तुझ्या आज्याच्या दुधावर दोन-चार गोल मारल्यात रं आम्ही."

मॅच आम्ही टायब्रेकरवर हरलो. परतताना बहिणीच्या दारात गाडी थांबवली. भाचा जिंकलेल्या बाजूचा. त्यानं पेढा पुढं केला. नातू माझ्याकडं बघायला लागला, घ्यावा की नको. मी म्हटलं, घे की. आणि अर्धा मोडून मीही खाल्ला.